ताज्या बर्फाच्या खाली

गुलमर्गला रात्रभर बर्फ पडला की सकाळी गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, रांगेत एकच प्रश्न असतो : किती पडला? कुणी चाळीस सेंटिमीटर सांगतं, कुणी साठ. आकडा जितका मोठा तितकी माणसं खूश, आणि त्याच आकड्यावरून ती धोकाही ठरवून मोकळी होतात. या सवयीशी माझं जुनं भांडण आहे. किती पडला हे विचारण्याआधी तो कशावर पडला हे विचारायला हवं. हिमस्खलनाचा अंदाज घेण्याच्या पद्धतींचा हा आढावा मी त्याच बाजूने लिहितो आहे, हे वाचकाने आधीच ध्यानात घ्यावं.

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात उरकतो. स्वित्झर्लंडमध्ये दावोसच्या डोक्यावर, वाइसफ्लूयोखला, १९३६ साली एका बराकीत बर्फाचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत यूटामधल्या आल्टा इथे माँटी ॲटवॉटरने तोफेचे गोळे टाकून उतारावरचा बर्फ मुद्दाम पाडायला सुरुवात केली. आपल्याकडे १९६९ मध्ये मनालीला ‘सासे’ ही बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संरक्षण खात्याची संस्था उभी राहिली. २०२० मध्ये ती दुसऱ्या प्रयोगशाळेबरोबर विलीन होऊन ‘डीजीआरई’ झाली. लष्करी ठाणी आणि डोंगरी रस्ते यांच्यासाठी या संस्थेने केलेलं काम मोठं आहे. गाडलेल्या माणसाचा शोध लावणारा ट्रान्सीव्हर आणि त्याला बर्फाच्या वर ठेवू पाहणारी एअरबॅग यांवर इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. ही साधनं जवळ हवीतच, पण ती उपयोगी पडतात अपघात झाल्यावर. गाडला गेलेला माणूस पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर, आणि पस्तीस मिनिटांनी ती तीस टक्क्यांवर येते, असं १९९४ मध्ये स्विस नोंदींवरून मांडलं गेलं. नंतरच्या अभ्यासांनी सुरुवातीची ती मुदत आणखी कमीच केली. उतारावर उतरण्याआधी काय करायचं, हा माझा विषय आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आपल्याकडे दिवाळीचे दिवस असताना, गुलमर्गच्या डोक्यावरच्या अफरवाट डोंगराच्या माथ्यावर पहिला बर्फ पडतो. तो फार नसतो. खालचा दक्षिणेकडे तोंड करून असलेल्या उतारांवरचा वितळतो. उंचावर, सावलीतल्या उत्तरेच्या उतारांवर टिकून राहतो. मग आठवडेच्या आठवडे आकाश निरभ्र. थराची जाडी समजा चाळीस सेंटिमीटर आहे. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास आणि पृष्ठभागावर उणे दहा. म्हणजे मीटरमागे पंचवीस अंशांचा फरक. हा फरक दहाच्या वर गेला की बर्फाच्या कणांमधून वाफ वर सरकू लागते, कण एकमेकांना धरून ठेवण्याऐवजी कडा असलेल्या मोठ्या स्फटिकांत बदलतात. हातात घेतले तर जाड्या साखरेसारखे बोटांतून गळून जातात. यालाच डेप्थ होअर म्हणतात. हिवाळा जितका उशिरा आणि जितका कोरडा सुरू होईल, तितका हा थर वाईट.

पुढे चिल्लई कलान येतं, २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस. भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात येतात, पीर पंजालला धडकतात, आणि दोन-तीन दिवसांत मीटरभर बर्फ टाकून जातात. वारा कडेच्या पलीकडचा बर्फ उचलून अलीकडच्या वाऱ्याआडच्या खळग्यांत भरतो. गुलमर्गच्या बाजूचे अफरवाटचे कटोरे हे बहुतांशी असेच वाऱ्याआडचे. तिथे तासाला दोन-तीन सेंटिमीटर बर्फ साचू लागला की त्याची दाबून बसलेली सलग स्लॅब होते, आणि ती उभी असते त्या साखरेवर. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असेल, म्हणजे नेमका आपल्याला स्कीइंगला आवडतो तसा, तर ती सुटायला एका माणसाचं वजनही पुरतं. माणसं सापडतात त्या हिमस्खलनांत दहापैकी नऊ वेळा ते स्वतः त्या माणसाने किंवा त्याच्या सोबत्यानेच सुरू केलेलं असतं.

म्हणून उतरण्याआधी बर्फात खड्डा खणून हे थर बघायचे. खड्डा म्हटलं की आजची मंडळी तोंड वाकडं करतात, म्हणून त्याच्याविषयी जरा सविस्तर लिहितो. ज्या उतारावर जायचं त्याच दिशेचा, त्याच उंचीवरचा, पण लहान आणि खाली धोका नसलेला तुकडा निवडायचा. फावड्याने जमिनीपर्यंत, निदान दीड मीटर, सरळ भिंत कापायची. भिंतीवरून हातमोज्याची मूठ दाबत वरून खाली यायचं. मग चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल. जिथे पेन्सिलने टोचावं लागणाऱ्या थराखाली अचानक सगळी मूठ आत जाते, तिथे थांबायचं. मग तीस सेंटिमीटर लांबी-रुंदीचा खांब मोकळा करून त्यावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. शेवटी नव्वद सेंटिमीटर रुंद खांब, जो २००६ च्या सुमारास प्रचारात आला. त्यात भेग एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत धावते का, ते बघायचं. भेग सुटणं वेगळं, धावणं वेगळं. जीव घेते ती धावणारी भेग. हे सगळं सरावाच्या हाताला वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे. भिंतीत ऑक्टोबरपासूनचा सगळा हिवाळा एकाखाली एक दिसतो. पहिल्यांदा ही भिंत बघणाऱ्या तरुणांचे चेहरे मी पाहिले आहेत, आणि त्यानंतर त्यांनी रांगेतला तो ‘किती पडला’चा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारलेलाही ऐकला आहे.

यावर काही जाणकार म्हणतात की एक खड्डा एका जागेचंच सांगतो, पन्नास मीटरवर चित्र वेगळं असू शकतं. हे खरं आहे. वेर्नर मुंटर हा स्विस गाइड आधी स्वतः बर्फ कापून चाचण्या घेणारा. त्याने नव्वदच्या दशकात त्या सोडल्या आणि हिमस्खलनाच्या रोजच्या बुलेटिनमधला धोक्याचा आकडा व उताराचा कोन यांवर नियम बांधला. पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर तीन असेल तर पस्तीस अंशांखाली राहा, चार असेल तर तीस अंशांखाली. नियम सोपा आहे, त्याने माणसं वाचली आहेत, आणि मी स्वतः नवशिक्यांना आधी तोच देतो. पण तो आल्प्समध्ये जन्मला, जिथे निरीक्षकांचं दाट जाळं रोज तो आकडा तयार करतं. आपल्याकडच्या बुलेटिनमध्ये धोका जिल्ह्यानुसार आणि उंचीनुसार येतो. त्या एका आकड्यावर अफरवाटवरच्या हापतखुडच्या एका नाळेचा निर्णय घेणं हे मुंटरच्या नियमाचं पालन नव्हे. एक खड्डा होकार देत नाही, हे मलाही मान्य आहे. पण नकार तो नक्की देऊ शकतो, आणि मला त्याच्याकडून तेवढंच हवं असतं.

दुसरा गट मानसशास्त्रवाल्यांचा. इयान मॅकॅमनने अमेरिकेतल्या ७१५ अपघातांचा अभ्यास करून दाखवलं की ओळखीचा उतार, दुसऱ्यांच्या खुणा, गटातला ‘तज्ज्ञ’, पहिलं उतरण्याची घाई, यांनी माणसं फसतात. उत्तम काम. मात्र आताशा हे सापळे पाठ असलेले आणि फावडं पिशवीतून कधीच न काढलेले लोक मला भेटतात, तेव्हा वाईट वाटतं.

घटना आपल्यासमोर आहेत. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान हिमस्खलनात गेले. १ फेब्रुवारी २०२३ ला हापतखुडला दोन पोलिश स्कीअर. २०२४ मध्ये जानेवारी जवळजवळ कोरडा गेला, गुलमर्गची मैदानं तपकिरी होती. फेब्रुवारीत मोठा बर्फ आला, आणि २२ तारखेला खिलनमर्गच्या वर एक रशियन स्कीअर दगावला. कोरडा पंधरवडा किंवा महिना, त्यानंतर मोठा बर्फ, त्यानंतर पहिलं ऊन : हा क्रम दिसला की मी रांगेतून बाहेर पडतो.

गोंडोलाचा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. त्याआधी अफरवाटवर जायचं तर स्कीच्या तळाला स्किन चिकटवून खिलनमर्गहून तासन्‌तास चढावं लागे. त्या चढणीत बर्फ तुमच्याशी बोलत असे. काठी किती सहज आत जाते, वळणावर स्कीपुढे भेग धावते का, सपाटीवर ‘व्हुम्फ’ असा दबका आवाज होऊन सगळा थर पायाखाली बसतो का. माथ्यावर पोचेपर्यंत निम्मा निर्णय झालेला असे. आता माणूस काही मिनिटांत चार हजार मीटरच्या जवळ पोचतो. त्याच्या पायाने त्या दिवशीचा बर्फ अजून एकदाही दाबलेला नसतो. हद्दीच्या तारेच्या आतल्या उतारावर गस्तीदलाचं लक्ष असतं, पलीकडे ज्याचा तो. टंगमर्ग-द्रंगच्या जुन्या गाइड मंडळींना कोणत्या नाळेत कुठल्या महिन्यात काय पडलं हे तोंडपाठ असे. त्यांची मुलं तितकीच तरबेज स्कीअर आहेत, बहुधा जास्तच, पण पाहुण्यांना दिवसात सहा फेऱ्या हव्या असतात आणि खड्डा खणायला थांबणाऱ्या गाइडला पुढच्या दिवशी काम मिळत नाही. ही खंत मी त्यांच्याच तोंडून ऐकली आहे.

याला उपाय आहे आणि तो महाराष्ट्रातूनही होऊ शकतो. पुणे, मुंबई, नाशिकची मुलं दर हिवाळ्यात गुलमर्गला स्कीइंगच्या कोर्सला जातात. प्रत्येक तुकडीने एक सकाळ द्यावी. गोंडोलाच्या मधल्या थांब्याच्या, कोंगदूरीच्या, आसपास प्रशिक्षकांनी ठरवून दिलेल्या एकाच सुरक्षित उत्तराभिमुख जागी जमिनीपर्यंत खणावं, थरांची जाडी, कडकपणा, स्फटिकांचा प्रकार, दर दहा सेंटिमीटरचं तापमान आणि थापांची संख्या वहीत लिहावी, खड्डा बुजवावा आणि ती वही कोर्स चालवणाऱ्या संस्थेच्या प्रशिक्षकाकडे ठेवून यावं. पुढच्या तुकडीने शेजारीच दीड मीटर सोडून खणावं. मार्चअखेर त्या वहीच्या प्रती टंगमर्गच्या गाइडना आणि गस्तीदलाला द्याव्यात. खर्च फावड्याचा, थर्मामीटरचा आणि एका भिंगाचा.