बंबाची नळी

फाल्गुन सरला की शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांचा रंग पालटतो. पावसाळ्यात कमरेएवढे वाढलेले गवत वाळून सोनेरी होते. साग निष्पर्ण होतात. ठाणे जिल्ह्याचा हा भाग मुंबईच्या तबेल्यांना पिढ्यान्‌पिढ्या गवत पुरवीत आला आहे. त्यामुळे माळावर गवताच्या गंज्या आणि घरालगत पेंढ्याच्या उडव्या हे येथील नेहमीचे दृश्य. याच दिवसांत भाताच्या रोपांसाठी राब भाजावयाचा असतो. पालापाचोळा, वाळक्या फांद्या आणि शेण जमिनीवर पसरून शेतकरी त्याला विस्तव लावतो. सकाळी वारा पडलेला असतो. दुपारी तो उठला आणि राखणदाराचा डोळा चुकला, तर विस्तव बांध ओलांडतो आणि एखादी ठिणगी गंजीवर जाऊन बसते.

मग गावात एकच धावपळ उडते. विहिरीपासून गंजीपर्यंत माणसांची रांग लागते. हंडे, कळश्या, बादल्या हातोहात पुढे जातात. परंतु वाटेत निम्मे पाणी हिंदकळून सांडते, आणि उरलेले फेकण्याइतके जवळ जाणे धगीमुळे अशक्य होते. शिवाय वैशाखात विहिरीचा तळ दिसत असतो. अखेर दुरून आगीचा बंब येतो. पण तोही पक्क्या रस्त्यावरच थांबतो. रस्ता आणि गंजी यांच्यामध्ये खाचरे असतात, बांध असतात, कधी एखादा ओढा असतो. बंबात पाणी आहे, समोर आग आहे, आणि मध्ये दीडशे मीटरांचे अंतर आहे. हे अंतर कशाने ओलांडावे?

पाणी दूर नेण्याची विद्या या तालुक्याला नवी नाही. शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ सालापासून मुंबईला जात आहे. पुढे भातसा धरणाचेही पाणी त्याच वाटेने गेले. पुरुषभर उंचीचे जलवाहिनीचे नळ रानातून गेलेले येथील मुलांनी पाहिलेले असतात. (ज्या तालुक्यांच्या कुशीतून महानगराला पाणी मिळते, त्यांतीलच अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हा विरोधाभासही त्यांच्या परिचयाचा आहे.) परंतु लोखंडी नळाला एकदा वाट आखून दिली की तो ती सोडीत नाही. आग मात्र कोठे लागेल हे कोणी आधी सांगत नाही. तिच्यापर्यंत पाणी नेणारी नळी गुंडाळून बंबात ठेवता आली पाहिजे, हवी तिकडे वळविता आली पाहिजे. आणि पाणी सोडताच मात्र तिने लोखंडाप्रमाणे ताठ व्हावे, फुटू नये, गळू नये. मऊपणा आणि बळकटी हे दोन विरुद्ध गुण एका वस्तूत कसे आणावयाचे, हा मोठा कठीण प्रश्न होता.

त्याचे पहिले उत्तर चामड्याने दिले. आपल्याकडे भिस्ती पखालीतून पाणी वाहत असे, आणि माळशेज घाट चढून गेल्यावर जुन्नरकडील विहिरींवर मोटा चालत. मोटेची चामडी सोंड ही एक आखूड नळीच होय. पाणी वर येईपर्यंत ती वळलेली राही आणि धावेवर येताच उलगडून पाणी ओती. पण सोंडेतील पाणी आपल्या वजनानेच वाहत असे. मागून त्याला कोणी जोराने रेटीत नसे. रेटलेल्या पाण्याची नळी युरोपात अॅमस्टरडॅम शहरात तयार झाली. यान व्हान डेर हायडेन हा तेथील नामांकित चित्रकार. लहानपणी त्याने शहराचे जुने नगरभवन जळताना पाहिले होते. त्या काळचा बंब आगीच्या अगदी जवळ उभा करावा लागे, कारण त्याची तोटी बंबालाच जडलेली असे. व्हान डेर हायडेनने आपल्या भावाच्या मदतीने १६७२ सालाच्या सुमारास चामड्याची शिवलेली नळी केली आणि तिचे तुकडे पितळी जोडांनी एकमेकांस जोडले. एकेक तुकडा सुमारे पन्नास फुटांचा होता. आजही आपल्या बंबांतील नळीचा तुकडा बहुधा पंधरा मीटरांचा, म्हणजे जवळजवळ तेवढाच असतो. चामड्याच्या नळीत एक मोठा दोष होता. ती बहुधा शिवणीवर उसवत असे, आणि शिवण नळीच्या लांबीने गेलेली असे.

लांबीच्या शिवणीवरच घाव का बसावा? शेतातील जुनी रबरी नळी फुटते तेव्हा नीट पाहावे. चीर बहुधा उभी, नळीच्या लांबीच्या दिशेने पडते. नळी गाजरासारखी आडवी तुटत नाही. यामागे एक साधे गणित आहे. बंबाची नेहमीची नळी ६३ मिलिमीटर, म्हणजे ६.३ सेंटिमीटर व्यासाची असते. तीत दर चौरस सेंटिमीटरवर ७ किलो इतका पाण्याचा दाब आहे असे समजा. आता या नळीची एक सेंटिमीटर रुंदीची बांगडी कापली आहे अशी कल्पना करा. पाणी त्या बांगडीची दोन अर्धुके एकमेकांपासून दूर लोटू पाहते. त्याचा जोर ६.३ गुणिले ७, म्हणजे सुमारे ४४ किलो भरतो. बांगडी फुटावयाची तर दोन ठिकाणी फुटली पाहिजे. म्हणून प्रत्येक ठिकाणी २२ किलोंचा ताण पडतो. आता लांबीच्या दिशेचा ताण पाहू. नळीचे तोंड बंद केले तर पाणी त्या तोंडावर रेटा देते. तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ३१.२ चौरस सेंटिमीटर. त्याला ७ ने गुणले की सुमारे २१८ किलो होतात. आकडा मोठा दिसतो खरा. पण तो नळीच्या संपूर्ण घेरावर, म्हणजे १९.८ सेंटिमीटरांवर वाटला जातो. दर सेंटिमीटरच्या वाट्याला ११ किलोच येतात. घेराच्या दिशेने २२ आणि लांबीच्या दिशेने ११! नळी जाड असो की बारीक, दाब कमी असो की अधिक, हे दुपटीचे नाते बदलत नाही. नळीच्या लांबीने घातलेली शिवण नेमका हा दुप्पट ताण अंगावर घेते. तो चांभाराच्या हाताचा दोष नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत शिवणीऐवजी धातूचे रिव्हेट ठोकू लागले आणि चामडी नळी पुष्कळ टिकाऊ झाली. पण जोड राहिलाच.

जोडच नको, हा विचार विणकराच्या मागावर प्रत्यक्षात आला. साधे कापड सपाट विणले जाते. बंबाच्या नळीचे कापड गोल मागावर विणतात. त्यामुळे आरंभापासूनच त्याची पोकळ नळी होते आणि शिवणीला जागाच उरत नाही. या विणीत ताण्याचे धागे नळीच्या लांबीने जातात, आणि बाण्याचा धागा तिच्याभोवती वेढे घेत जातो. घेराचा दुप्पट ताण बाण्यावर येणार हे आपण पाहिले. म्हणून बाण्याचा धागा चांगला भरभक्कम घेतात आणि त्याचे वेढे एकमेकांस खेटून बसवितात. सुतार लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवून आरे आणि पुठ्ठे आवळून ठेवतो, तसा बाण्याचा प्रत्येक वेढा पाण्याला आवळून धरतो. ताण्याकडे लांबीचा ताण असतो. शिवाय नळी जमिनीवरून ओढताना होणारी घासाघीसही पुष्कळशी तोच सोसतो.

काही नळ्यांत धागे आडवे-उभे न विणता, वेणी घातल्याप्रमाणे दोन्ही बाजूंनी तिरके गुंडाळतात. धागे फार आडवे असतील तर दाबाखाली अशी नळी लांबते. फार उभे असतील तर ती फुगून आखूड होते. नळीच्या लांबीशी सुमारे ५४.७ अंशांचा कोन साधला, तर ती लांबतही नाही आणि आखूडही होत नाही. हा विचित्र वाटणारा आकडा त्या दुपटीच्या नात्यातूनच निघतो. वरच्या वर्गांत भूमिती आणि त्रिकोणमिती शिकल्यावर विद्यार्थ्यांना तो स्वतः काढता येईल.

मात्र कापड कितीही घट्ट विणले तरी ते पाझरते. जवसाच्या वाखापासून विणलेल्या जुन्या नळ्यांत याला एक सुंदर उपाय होता: जवसाचा धागा भिजला की फुगतो आणि विणीतील छिद्रे आपोआप बुजवितो. तरीही थोडे पाणी बाहेर येतच राही. त्याचा एक लाभही होता. ओलसर नळीवर निखारा पडला तरी ती चटकन जळत नसे. म्हणून वणव्यासाठी आजही काही ठिकाणी मुद्दाम पाझरणारी नळी वापरतात. इतर कामांसाठी कापडाच्या आत रबराचे अस्तर आले. कच्चे रबर उन्हाने चिकट होते आणि थंडीने कडक होते. १८३९ साली चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली आणि हे अस्तर खऱ्या अर्थाने उपयोगी ठरले. सायकलची ट्यूब टायरबाहेर काढून हवा भरली तर ती एकीकडे फुगून फुटते; टायरमध्ये असताना मात्र तीच ट्यूब माणसाचे ओझे वाहते. नळीतही कामाची वाटणी अशीच आहे. पाणी अडविणे हे रबराचे काम, आणि रबराला फुगू न देणे हे कापडाचे. आता कापसाच्या आणि जवसाच्या जागी बहुतेक ठिकाणी पॉलिएस्टरचा धागा आला आहे. तो कुजत नाही, आणि सुकविण्याची यातायात कमी लागते.

बंबाजवळ आणखी एक नळी असते. ती ओढ्यातून, तलावातून किंवा विहिरीतून पाणी ओढून घेते. तिच्यापुढील प्रश्न अगदी उलटा आहे. तीत आतून रेटा नसतो. पंप आतील हवा काढून घेतो आणि बाहेरची हवा नळीला चेपू पाहते. रबरी-कापडी नळी असती तर ती लगेच चपटी होऊन बसली असती. म्हणून तिच्या अंगात तारेचे वेटोळे बसविलेले असते. ही नळी गुंडाळून चपटी होत नाही. ती बंबाच्या बाजूला लांबच्या लांब ठेवलेली दिसते, ती यामुळेच. कितीही बळकट केली तरी ती दहा मीटरांहून खोल पाणी वर आणू शकत नाही, कारण पाणी वर चढते ते बाहेरच्या हवेच्या दाबाने, आणि त्या दाबाची मजल तेवढीच. प्रत्यक्षात सात मीटरांपलीकडे काम अवघड होऊ लागते. उन्हाळ्यात पाणी खोल गेलेल्या विहिरीवर बंब उभा राहून उपयोग होत नाही, याचे कारण यावरून ध्यानात येईल.

म्हणजे बंबाने बरोबर आणलेले पाणी हेच पुष्कळदा सारे भांडवल. टाकीत ४५०० लिटर पाणी आहे असे धरू. २० मिलिमीटर तोंडाच्या तोटीतून चांगल्या जोराने पाणी मारले तर मिनिटाला ५०० लिटरांहून अधिक खर्च होते. नऊ मिनिटेही पुरावयाचे नाही. त्यातही नळीचा आपला वाटा असतो. पंधरा मीटरांचा एक तुकडा भरण्यास सुमारे ४७ लिटर पाणी लागते. रस्त्यापासून दीडशे मीटर दूर असलेल्या गंजीसाठी असे दहा तुकडे जोडले, की ४७० लिटर पाणी नळीच्या पोटातच राहते. आगीवर पहिला थेंब पडण्यापूर्वी टाकीचा दहावा हिस्सा संपलेला असतो! अशा वेळी दहा जोडांतून झिरपणारे पाणी किती महाग पडते, याचा ज्याचा त्याने विचार करावा.

मग नळी बारीकच का घेऊ नये? ३८ मिलिमीटरची नळी घेतली तर तेच दहा तुकडे १७० लिटरांत भरतात आणि खांद्यावर घेऊन बांध चढणेही सोपे जाते. पण बारीक नळीत पाणी वेगाने धावते आणि नळीच्या भिंतीशी घासून त्याचा जोर खर्च होतो. एकाच नळीतून दुप्पट पाणी न्यावयाचे तर घर्षणात जाणारा दाब सुमारे चौपट होतो. आतील रबर गुळगुळीत का असावे लागते, ते यावरून समजते. त्यात पाडा टेकडीवर असला तर आणखी एक कर द्यावा लागतो: दर दहा मीटर चढाला एक किलो दाब. तीस मीटर उंचीवर पाणी पोचेपर्यंत सातांतील तीन किलो चढणीनेच खाल्लेले असतात. ते भरून काढण्यासाठी खाली पंपाचा दाब वाढवावा लागतो, आणि त्याचा सर्वांत अधिक ताण पंपाजवळच्या पहिल्या तुकड्यावर येतो. म्हणून सर्वांत भरवशाचा तुकडा तेथे लावावा. तोटी एकदम बंद केली तरी धावते पाणी अडून नळीत दाबाचा तडाखा बसतो. जाणता जवान ती हळूहळू बंद करतो.

तोटी धरण्यास दोघे-तिघे का लागतात, तेही सांगितले पाहिजे. पाणी पुढे झेपावते तेव्हा ते तोटीला तितक्याच जोराने मागे ढकलते. धुरात उभ्या असलेल्या त्या माणसांना मागचा बंब दिसत नाही. हातातील नळी ताठ आहे, एवढीच त्यांची खात्री. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही होता. जवानांनी नऊशे टनांहून अधिक पाणी त्या जहाजात ओतले. तरी आग हटली नाही, आणि स्फोट झाले तेव्हाही ते आपल्या नळ्या धरून तेथेच होते. त्यांपैकी ६६ जण प्राणास मुकले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. त्या दिवसापासून आठवडाभर जवान ठिकठिकाणी आपल्या कामाची प्रात्यक्षिके दाखवितात.

असे प्रात्यक्षिक पाहण्याचा योग आला तर पाण्याच्या फवाऱ्यावरून दृष्टी काढून नंतरची कामेही पाहावी. जवान नळीचे एक टोक खांद्यावर उचलून चालू लागतो आणि आतील पाणी पुढे पुढे सारीत बाहेर काढतो. चिखल धुऊन टाकतो. कापसाची नळी ओली राहिली तर तिला बुरशी लागते; म्हणून जुन्या अग्निशमन केंद्रांत नळ्या उभ्या टांगून वाळविण्यासाठी उंच मनोरे असत. शेवटी नळी मध्यावर दुमडून तिची वळकटी करतात, आणि पुढच्या वेळी ती दुसऱ्याच ठिकाणी दुमडतात. रोज एकाच घडीवर दुमडलेले धागे तेथेच झिजतात, आणि दाबाखाली ती नळी नेमकी तेथेच जाते.