वारेचा रिपोर्ट म्हणजे नऊ महिन्यांचं हमीपत्र नव्हे

"वारेचं रक्त तपासलंय, नॉर्मल आलंय. आता बीपी मोजायला कशाला जायचं?" बिदर जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळी परिसरात हे इतक्यांदा ऐकलं, की आता गप्प राहवत नाही. घरात एकदा चांगला रिपोर्ट आला, की सासूपासून नवऱ्यापर्यंत सगळे निर्धास्त. हा गैरसमज धोक्याचा आहे.

मुळात त्या रिपोर्टमधला आकडा कशाचा? वार गर्भाशयात नीट रुजली नाही, की तिला रक्त कमी पडतं. अशी उपाशी वार आईच्या रक्तात एसएफएलटी-१ नावाचं प्रथिन जास्त सोडते. पीएलजीएफ हे दुसरं प्रथिन रक्तवाहिन्या निकोप ठेवतं. एसएफएलटी-१ त्यालाच धरून बसतं. मग आईच्या रक्तवाहिन्या आखडतात, बीपी चढतं, लघवीतून प्रथिन जाऊ लागतं. हाच प्री-एक्लॅम्प्सिया. हा धागा २००३ साली बोस्टनमध्ये डॉ. अनंत करुमंची यांच्या गटाने दाखवून दिला. रिपोर्टमधला आकडा म्हणजे पहिल्या प्रथिनाला दुसऱ्याने भागून आलेलं गुणोत्तर.

आता त्याची मुदत. १४ देशांतला 'प्रोग्नोसिस' अभ्यास २०१६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. २४ ते ३७ आठवड्यांच्या, प्री-एक्लॅम्प्सियाची शंका असलेल्या गर्भवती त्यात होत्या. गुणोत्तर ३८ किंवा कमी असेल, तर आजार होणार नाही हे अनुमान ९९.३ टक्के वेळा बरोबर निघालं. पण किती दिवसांपुरतं? एका आठवड्यापुरतं! सातव्या महिन्यातला रिपोर्ट नवव्या महिन्यात दाखवणं म्हणजे गेल्या आठवड्याच्या तिकिटावर आज बसमध्ये चढणं.

उलट बाजूही ऐका. आकडा ३८ च्या वर गेला म्हणून रडारड नको. त्याच अभ्यासात अशांपैकी ३६.७ टक्के जणींनाच चार आठवड्यांत आजार झाला. वरचा आकडा म्हणजे निकाल नव्हे. नजर जास्त ठेवा, एवढाच त्याचा अर्थ.

आणि मुख्य मुद्दा तर राहूनच जातो. ही तपासणी शंका आली म्हणजे करायची. शंका कशी येणार? बहुतेक वेळा बीपीच्या पट्ट्यानेच ना! तोच बांधून घेतला नाही, तर ही महागडी रक्ततपासणी योग्य वेळी करणार कोण?

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

"डबल मार्कर केलंय, तेच हे." नाही. ती तपासणी मुख्यतः डाऊन सिंड्रोमसारख्या दोषांसाठी असते.

"मीठ बंद केलं की बीपी चढत नाही." मीठ तोडून हा आजार टळत नाही.

"अ‍ॅस्पिरिनने गर्भाला अपाय होतो." बेळगाव आणि नागपूरसह सहा देशांत, पहिलटकरीण असलेल्या सुमारे १२,००० जणींवरचा अभ्यास २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. रोज ८१ मिलिग्रॅम गोळी घेणाऱ्यांत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं ११.६ टक्के, न घेणाऱ्यांत १३.१ टक्के. मात्र हा आजार टाळण्यासाठी ही गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच.

"झटके आले, बाहेरचं लागलं." ती एक्लॅम्प्सिया आहे. अंगारा नको, मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन हवं. लगेच दवाखाना गाठा.

"बाळंत झाली, सुटली." धोका बाळंतपणानंतरही काही आठवडे राहतो.

वीस आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा वर, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, चेहरा-हातांवर अचानक सूज: यातलं एकही दिसलं तर थांबू नका. आपल्याकडच्या गर्भवतीच्या कार्डाचं नावच 'तायी', म्हणजे कन्नडमध्ये आई. त्या कार्डावरचा बीपीचा रकाना कोरा राहू देऊ नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची तपासणी मोफत होते. लॅबचा कागद फाईलमध्ये असू द्या, पण त्या दिवशी दंडाला पट्टा बांधून घ्याच.