जपानी शिकायची? मराठीचा आधार घ्या

कामरगावसारख्या गावात राहून स्वतःच जपानी शिकायची, तर डोक्यात आधी इंग्रजी वाक्य रचण्याची सवय सोडा. जपानीत क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं आणि विभक्तीसारखे शब्द नामानंतर लागतात. 'तोक्यो कारा' म्हणजे सरळ तोक्योहून. हिरागाना या जपानी लिपीचा आ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना हा क्रमही बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आलेला, त्यामुळे तो आपल्याला परका वाटत नाही. कोणी म्हणेल, पुस्तकं तर इंग्रजीतच असतात. बरीचशी असतात, पण जपानच्या एनएचके वर्ल्ड या प्रसारण सेवेचे धडे हिंदीतही आहेत. जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' पाठ्यपुस्तक ध्वनिफितींसह मोफत उतरवून घेता येतं. वाक्य ऐकत लगेच मागोमाग म्हणत गेलं की उच्चारासाठी शिक्षक नसल्याची अडचण बरीच कमी होते. (पूर्ण नाही, हेही खरं.)

कांजीचा, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या चिन्हांचा आक्षेप मात्र रास्त आहे. जपानच्या सरकारी यादीतच २१३६ चिन्हं आहेत आणि तिथे मराठी उपयोगी पडत नाही. ती अंकीसारख्या अ‍ॅपवर वाढत्या अंतराने उजळणी करत, शब्दांसकट शिकावीत. सुटी घोकलेली टिकत नाहीत. एन५ या जपानी भाषेच्या सर्वांत सोप्या पातळीच्या परीक्षेला थोडीच चिन्हं लागतात. ही परीक्षा पुण्यात होते, तेव्हा नोंदणीची मुदत वेळेत पाहून ठेवा.