लाँचरच्या मांडणीचे अस्थैर्य : कारण व उपाय

पडद्यावरील लाँचरपट्टीची मांडणी बदलावी आणि पुन्हा लॉगिन करताच पूर्वीचीच मांडणी समोर यावी, हा अनुभव लिनक्सच्या वापरकर्त्यांस नवा नाही. याचे मूळ बहुधा पट्टीत नसून लेखनाच्या अधिकारात असते.

२०११ साली आलेल्या ग्नोमच्या तिसऱ्या आवृत्तीत पसंतींच्या साठवणीसाठी ‘डीकॉन्फ’ ही व्यवस्था योजिली गेली. तीत प्रत्येक वापरकर्त्याच्या पसंती त्याच्या ‘होम’ फोल्डरातील एका लपलेल्या फोल्डरातल्या फाइलीत राहतात. वाचन थेट फाइलीतून होते. लेखन मात्र ‘डी-बस’ या संदेशमार्गाने एका स्वतंत्र सेवेकडून घडते. हा मार्ग उपलब्ध नसल्यास बदल जतन होत नाही.

सुपा येथील औद्योगिक वसाहतीतील एखादा संगणक पाळीपाळीने अनेक जण आपापल्या खात्यातून वापरतात, असे समजू. त्यांपैकी एकाने ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याच्या अधिकाराने एखादा प्रोग्रॅम चालविला, तर त्याच्या पसंतींच्या फोल्डराची मालकी ‘रूट’कडे जाऊ शकते. मग त्याचेच बदल निष्फळ ठरतात, इतरांचे टिकतात. निदानाचा धागा हाच होय. सर्वांचेच बदल नाहीसे होत असल्यास डिस्क भरली आहे काय, अथवा लॉगिनसमयी जुनी प्रत पुनःस्थापित होते काय, हे पाहावे.

फाइल पुसून टाकणे हा उपाय नव्हे. त्यायोगे इतर सर्व पसंतीही नष्ट होतात. प्रथम मालकी तपासावी आणि ती मूळ वापरकर्त्यास परत द्यावी.