गाडी रात्री कुठे उभी राहते?

बंगळुरूला विजेवरची गाडी नवी नाही. चेतन मैनी यांची इवलीशी रेवा २००१ मध्ये इथेच रस्त्यावर आली आणि घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चार्ज होऊ लागली. आता बॅटऱ्या कितीतरी मोठ्या झाल्या. तरी नवी गाडी घेणाऱ्याला मी आधी हेच विचारतो: रात्री गाडी उभी राहते तिथे सॉकेट आहे का, आणि तो कुणाच्या मीटरवर आहे? खर्चाचं बहुतेक गणित या उत्तरावर ठरतं.

बिलावरचं एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास. बॅटरीचं मापही तेच. ३० ची बॅटरी पूर्ण भरायला मीटरवर मात्र ३३-३४ युनिटं पडतात. भिंतीतून एसी वीज येते, बॅटरीला डीसी लागते. गाडीतला चार्जर ती बदलून देतो तेव्हा थोडी वीज उष्णतेत जाते.

गीझरला असतो तशा सॉकेटमधून गाडी तासाला साधारण तीन युनिटं घेते. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत २४ युनिटं, म्हणजे शहरात सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. व्हाइटफील्डहून जयनगरला रोज जाऊन येणाऱ्यालाही ते पुरून उरतं. त्यामुळे भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जर बहुतेकांना गरजेचा नाही. तो लावायचा तर अनेकदा बेस्कॉम या वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, आणि मग स्थिर आकारही वाढतो. वायर जाड, अर्थिंग पक्कं आणि एमसीबी स्वतंत्र, एवढं मात्र साध्या सॉकेटलाही हवंच. सलग आठ तास पूर्ण भार ओढणारं दुसरं उपकरण सहसा घरात नसतं. एक्स्टेंशन बोर्ड कधीच वापरू नये.

आता महिन्याला हजार किलोमीटर धरू. मीटरवरच्या एका युनिटला सहा किलोमीटर मिळाले, तर साधारण १६५ युनिटं लागतील. घरगुती दराने, करासकट, अकराशेच्या आसपास रुपये. लिटरला १४ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोलच्या गाडीला ७१ लिटर लागतील. लिटरला १०२-१०३ रुपये धरले, तरी ते सात हजारांच्या वर जातं.

पण कर्नाटकात इथे एक मेख आहे. गृहज्योती योजनेत २०० युनिटांच्या आत राहणाऱ्या घराला सरासरी वापरापर्यंतची वीज फुकट मिळते. २०० ओलांडले की पूर्ण बिल भरावं लागतं. घराची १२० आणि गाडीची १६५ युनिटं एकाच मीटरवर आली, तर बेरीज २८५ होते. मग शून्यावर असलेलं बिल दोन हजारांच्या पुढे जातं, आणि ते सगळं गाडीमुळेच. म्हणून गाडीसाठी वेगळं मीटर घेण्याचा हिशेब आधी करावा.

फ्लॅटमध्ये खरी अडचण तांत्रिक नसते, असोसिएशनची असते. बेसमेंटमधली वीज कुणी भरायची, यावर बैठकामागून बैठका होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीजग्राहक हक्क नियम बदलले, आणि गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येऊ लागली. अर्ज करताना या नियमाचा उल्लेख जरूर करावा.

ज्यांची गाडी रस्त्यावर उभी राहते, त्यांना सार्वजनिक डीसी चार्जरवर जावं लागतं. तिथे युनिटचा दर अनेकदा घरच्या तिप्पट असतो. नुसत्या विजेवर जीएसटी नाही, पण चार्जिंग ही सेवा धरली जाते, त्यामुळे त्यावर १८ टक्के लागतो. मैसूरच्या चामुंडेश्वरी वीज कंपनीच्या अर्जावर २०२३ मध्ये कर्नाटकच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने हेच सांगितलं. तरी पेट्रोलपेक्षा हे स्वस्तच पडतं. फक्त बचत निम्म्यावर येते आणि रांगेतला वेळ जातो. अशा माणसाने ऑफिसात चार्जर असल्याशिवाय गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शहराचा एक फायदा गाडीला मिळतो. सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीत इंजिन उभ्या उभ्या पेट्रोल जाळतं, मोटर थांबते. ब्रेक लावताना थोडी वीज परतही येते. नऊशे मीटर उंचीवरची सौम्य हवा बॅटरीला मानवते.

कोल्हापूरला, म्हणजे सुमारे सहाशे किलोमीटर, निघालात तर सुसाट महामार्गावर एका युनिटचं अंतर घटतं. चित्रदुर्ग आणि हुबळी या बाजूंना थांबे ठरवा आणि ८० टक्क्यांवर वायर काढा. त्यापुढे बॅटरी जपण्यासाठी वेग फार कमी केला जातो, आणि शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या साठाइतका वेळ लागू शकतो. चार्जर बंद निघाला तर पुढच्यापर्यंत पोचण्याइतकी शिल्लक ठेवूनच थांबा गाठावा.