वॅकोचे पंख : लाकूड, कापड आणि डोप

वॅको वायक्यूसी-6 हे 1936 सालचे अमेरिकी द्विपंखी प्रवासी विमान. ते ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी तयार होई. नाकाशी 225 अश्वशक्तीचे, सात सिलिंडरांचे जेकब्स इंजिन आणि मागे चार-पाच जणांची बंद केबिन अशी त्याची मांडणी होती. जुहूच्या मैदानावरून उडणाऱ्या टाटांच्या ताफ्यातही वॅको विमाने होती. नोव्हेंबर 1937 मध्ये टाटांची इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेरमार्गे मुंबई-दिल्ली सेवा सुरू झाली, तो याच विमानांचा काळ.

विमानाचा सांगाडा पोलादी नळ्या जोडून केलेला असे. पंखांच्या तुळया आणि फासळ्या मात्र लाकडी. वरचा पंख मोठा, खालचा आखूड. दोन्ही पंख टेकूंनी बांधले की कमी लांबीतही मजबूत आणि हलकी चौकट तयार होई. त्यामुळे लहान, कच्च्या मैदानावरही विमान कमी वेगात उतरू शके.

या चौकटीला पंखाचा आकार मिळे तो कापडाने. त्यासाठी घट्ट विणीचे सुती कापड लागे. नव्या कापडाच्या एक इंच रुंद पट्टीने किमान 80 पौंड ताण सोसावा, अशी अट असे. कापड शिवून पंखावर ओढून बसवत आणि त्यावर डोप नावाचे सेल्युलोजचे द्रावण ब्रशने जिरवत. वाळताना डोप आकसतो, तसे कापडही ताणले जाते. मग मेणाच्या दोऱ्याने ते फासळ्यांना टाचत. नाकावरच्या पंख्याचा (प्रोपेलरचा) झोत जिथे थेट बसतो, तिथे टाके जवळजवळ घालावे लागत. टाक्यांवर दातेरी कडांच्या पट्ट्या चिकटवून डोपचे आणखी हात देत. शेवटच्या रंगाआधी ॲल्युमिनियमची भुकटी मिसळलेला डोप लावत, कारण ऊन सुती कापड कुजवते.

या कामात हवा सांभाळावी लागे. दमट हवेत डोप पांढरट पडतो आणि थर कमकुवत होतो. शिवाय डोप झटकन पेट घेतो. म्हणून आसपास ठिणगीही चालत नसे. मुंबईसारख्या दमट शहरात तर कोरडा दिवस गाठणे हाही कारागिरीचाच भाग.

नीट ताणलेले कापड बोटाने टिचकी मारताच डफासारखे वाजते. आवाज बद्द आला, तर कापड सैल पडलेले असते. जुन्या कापडाची पट्टी ताणून पाहत. ताकद 56 पौंडांच्या खाली गेली, की सगळे कापड उतरवून पंख नव्याने मढवत.