एकच खोली : गाणे आणि सिनेमा

गाणे ऐकायला दोन स्पीकर पुरतात. सिनेमाला पाच आणि एक सबवूफर लागतो. घरात बैठकीची खोली मात्र एकच. मग गाण्याने माघार घ्यायची का? तशी गरज नाही.

दोन्हींचा पाया एकच आहे. पुढचे डावे-उजवे स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधावा. हीच मांडणी सिनेमालाही चालते. संवादांचा मधला स्पीकर टीव्हीखाली, उरलेले दोन आपल्या दोन्ही बाजूंना, कानांच्या किंचित मागे.

गाणे लावताना रिसीव्हर 'स्टिरिओ'वर ठेवावा. दोन वाहिन्यांचे ध्वनिमुद्रण पाच ठिकाणी पसरले, की समोर बसल्यासारखा भासणारा गायक हरवतो आणि तानपुरा खोलीभर विखुरतो.

गाण्यासाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर असेल, तर त्यात 'बायपास'ची सोय हवी. मग सिनेमाच्या वेळी रिसीव्हरच्या प्री-आउटमधून पुढच्या दोन वाहिन्या त्यात येतात. आवाज रिसीव्हरवरूनच कमी-जास्त होतो.

पैसे मोजके असतील, तर ते आधी पुढच्या जोडीवर खर्चावेत. ती दोन्हीकडे राबते. मागचे स्पीकर सवडीने घेता येतात.